कमळाच्या हातचं पाणी

पोशेऱ्याची नवशी कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे. रोजगार हमीच्या बंधाऱ्यावर ती मेट होती, म्हणजे मजुरांची हजेरी घेणारी. तोंड असं की पलीकडच्या पाड्यावर ऐकू जावं.

त्या उन्हाळ्यात पाणी वाटायचं काम तिनं कमळाला दिलं. कमळा कातकऱ्यांची. वीटभट्टीवर तिचा गुडघा कामातून गेलेला, माती वाहणं जमणारच नव्हतं. पण लोक घरून बाटल्या आणू लागले. उघड कुणी बोललं नाही. कातकरणीच्या हातचं नको, एवढंच. रोजगारसेवकानं नवशीला सांगून टाकलं, पाणी कुणी पीत नसेल तर सोमवारपासून दुसरी बाई बघ. म्हणजे कमळानं घरी बसायचं.

नवशीचं डोकंच फिरलं. दुपारी सगळ्यांना गोळा करून तिनं असं भाषण ठोकलं की विचारू नका. कमळाचा गुडघा काढला, तिची गरिबी काढली, माणुसकी काढली. लोकांनी माना खाली घालून ऐकलं आणि आपापल्या बाटल्या उचलून कामाला लागले. कमळाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुट्टी झाल्यावर तिनं नवशीला गाठलं. "माझी गरिबी कशाला सांगितली बाय? ती त्यांना ठाव हाय. तू कोनाचं पानी पितेस, ते सांग."

नवशीच्या पिशवीत घरची बाटली होती. मुद्दाम आणलेली नव्हे, नुसती सवय, पण होती. नवशीनं पिशवी काखेत दाबली आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी ती बाटलीशिवाय आली. ऊन चढल्यावर गपचूप कमळापुढे पेला धरला, प्याली, पुन्हा मागितलं. तिची जाऊ सरू शेजारीच कामाला होती, तेव्हा बातमी घरी पोचायला कितीसा वेळ लागणार! सासूनं घरच्या हंड्याला हात लावू नको म्हणून बजावलं. नवशी रडली, चिडली, आणि सकाळी पुन्हा बाटलीशिवाय निघाली. मग मजुरांतला बाबल्या प्याला, मग दोघीतिघी. सरू शेवटपर्यंत प्याली नाही. पण कमळाचं काम टिकलं.

बंधारा पुरा झाला तेव्हा तालुक्याहून साहेब आले. त्यांनी सगळ्यांदेखत नवशीची वाहवा केली. मग कमळाला म्हणाले, या ताईंनी तुमच्यावर केवढे उपकार केले, दोन शब्द बोला.

कमळा गुडघा धरत उठली.

"ती माझ्या हातचं पानी प्याली, बरं केलं," ती म्हणाली. "पन तहान तिला लागलेली."