इराला बाकावर बसवलं तेव्हा

परवा खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सामान आवरताना नातीचे जुने फुटबॉलचे बूट सापडले. रबराचा आणि ओल्या मातीचा वास आला, आणि डोकं तेव्हासारखंच तापलं.

इरा दहा वर्षांची होती. फ्रँकफर्टला तिच्या शाळेची मॅच होती. खेळाआधी कोचबाईनं सगळ्या पोरींना रिंगण करून येशूची प्रार्थना म्हणायला लावली. इरा हात मागे धरून गप्प राहिली, तर तिला बाकावर बसवलं. थंडीत पोर नाक ओढत बसली होती.

मी ताडकन उठलो. "ह्या कोचबाईच्या बापाचं मैदान आहे का? पोर खेळायला आलीय, बाटायला नाही!"

बायकोनं, सुमननं, बाही धरली. "जा, भांडा. पण अहो, गावात तुम्ही कबड्डीचा संघ चालवायचात. सामन्याआधी मारुतीला नारळ, सगळ्यांकडून जयजयकार. सलीमला कधी विचारलंत?"

"तो कुठं नाही म्हणाला?"

"म्हणाला असता तर खेळवलं असतंत?"

असा राग आला तिचा! मी खाली बसलो तो उठलोच नाही. इरा शेवटपर्यंत बाकावरच राहिली. दोन दिवस मी सुमनशी बोललो नाही.

कोचबाईवरचा राग अजून आहे, तो जायचा नाही. पण सलीम प्रसादाचं खोबरं तोंडात न टाकता मुठीत धरून मैदानात उतरायचा. ते बघूनही मला वाटायचं, गड्याला खेळायची घाई झालीय. आता माझीच चीड येते. आणि हे जिच्यापाशी कबूल करायचं, ती जाऊन वर्ष झालं.