आटलेल्या गाईची पेंड

आत्या लग्नाच्या भानगडीत पडली नाही, ती वासरांच्या भानगडीत पडली. भाऊ धारा काढायचा, वहिनी दूध घालायला जायची, आणि गोठ्यात ओलं, लटपटतं जे काही जन्माला येईल ते आत्याच्या ताब्यात. पोत्याने पुसायचं, नाकातला चिकटा काढायचा, तोंडात बोट घालून चोखायला शिकवायचं. अर्धं आयुष्य यात गेलं. वासरू जगलं तर गाय चांगली, मेलं तर आत्याचा हात वाईट, असा त्या घरचा न्याय होता.

मागच्या हिवाळ्यात वासरं लागोपाठ गेली. बाहेर यायची, मान टाकून पडायची. चोखायचंही बळ नसायचं. दूध न्यायला आलेल्या शेजाऱ्यालाही भाऊ सांगू लागला, "हिच्या हातालाच यश नाही."

आत्याने घागर खाली ठेवली. "माझा हात बाहेर असतो, दादा. वासरू नऊ महिने आत असतं. आत काय चाललंय ते बघ आधी."

त्या गोठ्याची एक रीत होती, वडिलांनी घालून दिलेली. धार झाली की बादलीत डोकवायचं आणि दूध बघून पेंड घालायची. ऐकायला अगदी चोख हिशेब. पण वेताआधी दोन महिने गाय आटवली की तिची बादलीच नाही, म्हणून गव्हाणीत नुसता पेंढा. दुभत्या गाईच्या लाथा गोड. आटलेलीने हंबरडा फोडला तरी कुणी वळून बघायचं नाही. आणि पोटातलं वासरू भराभर वाढतं ते नेमकं याच दिवसांत, असं गुरांचे डॉक्टर एकदा हात धुता धुता बोलून गेले होते. आई या दिवसांत उपाशी राहिली तर वासरू अशक्त आणि चीकही हलका. भाऊ म्हणाला, "डॉक्टरांचं काय जातं? पोतं त्यांच्या पाठीवरून येत नाही."

त्या हिवाळ्यात एकच वासरू टणटणीत निघालं, भुरीचं. भुरी पेंडीच्या कोठीच्या फळ्यांच्या भिंतीला बांधलेली असायची. पुढे पोती हलवताना कळलं, की बाईसाहेब फळीच्या फटीतून जीभ घालून, पोत्याला भोक पाडून, आटल्यापासून पेंड खात होत्या. भाऊ चोरीवर चिडला. आत्या त्या भोकाकडेच बघत राहिली.

पुढे तांबडी गाय आटली तशी आत्याने तिच्यापुढे पेंडीचं घमेलं ठेवलं. लपूनछपून नाही, भावाच्या डोळ्यांदेखत.

"ती दूध देत नाही," भाऊ म्हणाला.

"तू तरी कुठे देतोस? वहिनी दोन वेळा वाढतेच ना तुला?"

वहिनीने तोंड फिरवलं आणि उगाच बादली विसळत बसली.

"वासरू फुगेल पोटात. अडलं तर गाय जाईल."

"पोतं ओतत नाहीये मी. डॉक्टरांना विचारून, मापाने घालतेय."

"आणि तरी अडलं तर?"

"तर या गोठ्यात पाय ठेवणार नाही. पण तोवर या गव्हाणीला तू हात लावायचा नाहीस."

आत्याची खोली गोठ्याला लागून, खिडकी गव्हाणीवर उघडणारी. गोठा सुटला तर तिच्याकडे एक खाट उरणार होती, बाकी काही नाही. हे भावालाही ठाऊक होतं. म्हणूनच त्याने घमेलं उचललं नाही. मोडू दे हिची खोड आपोआप, असा हिशेब.

तांबडी भर दुपारी व्यायला लागली. पुढचे दोन पाय दिसले, चांगले जाडजूड, आणि तिथेच सगळं थांबलं. गाय कळा देऊन थकली. भावाने आत्याकडे बघितलं. "सांगितलं होतं."

"सांगून झालं असेल तर दोर धर."

गाईच्या कळेबरोबर दोघांनी ओढलं, कळ ओसरली की थांबले. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तोंड चालूच. "घाई करू नकोस. तिच्या जोरावर ओढ, तुझ्या नको." शेवटी डोकं सुटलं, खांदे सुटले आणि वासरू धपकन पेंढ्यावर आलं.

आत्या पोतं घेऊन वाकली. पुसणं अर्धंच झालं होतं तोवर त्याने कान झाडले, उठायला गेलं, नाकावर आपटलं, परत उठलं आणि धडपडत आईच्या कासेला भिडलं. आत्याने सवयीने पुढे केलेलं बोट तसंच हवेत राहिलं. सडातून पिवळाधमक, घट्ट चीक ओघळत होता.

"नशीब," भाऊ म्हणाला. "अडलं होतंच की."

"अडलं. दांडगं होतं, ओढलं. मागची वासरं हलकी होती. सरकन आली, सरकन गेलीही. तेव्हा तुला माझा हात दिसला. आज काय दिसतंय?"

"एका वासरावरून काही ठरत नाही."

"नाहीच ठरत. म्हणून भुरी आटली की तिलाही घालणार. मग तिच्या पुढचीला. तुझं ठरेपर्यंत घालतच राहणार."

"आणि मी पेंड आणलीच नाही तर?"

"तर वासरं तू सांभाळ. तुझ्या हाताला यश असेल."

दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, "सकाळी दूध घालून येतानाच एक पोतं जास्तीचं सांगून आलेय मी."

भावाने बायकोकडे बघितलं, मग बहिणीकडे. आत्याचं लक्ष नव्हतं. वासरू दुसऱ्या सडाला लागलं होतं.