चित्रात नसलेली धाकटी

मीनाताई पाहुण्यांना चित्र दाखवताना आधी त्यात नसलेलं माणूस दाखवत. इंग्लंडात रीडिंग शहराजवळच्या एका जुन्या मॅनर हाउसमध्ये, म्हणजे जहागीरदारी वाड्यात, त्या रविवारी हौसेने गाइडचं काम करत. तिथल्या दिवाणखान्यात मूळ मालकाचं, सतराव्या शतकातल्या एका उमराव राजदूताचं, भलंमोठं कौटुंबिक चित्र आहे. गळ्यात सोन्याची साखळी, शेजारी बायको, पुढे तीन मुलं. लोकांना दरबाराच्या गोष्टी हव्या असत. मीनाताई म्हणत, "मुलं चार होती. धाकटी कुठंय, ते विचारा ना!"

राजदूत व्हिएन्नाला निघाला तेव्हा धाकटी तान्ही होती, म्हणून मावशीकडे ठेवली. मोठमोठे तह जुळवून तो परतला, तर पोर मावशीच्या झग्याआड लपली. "साऱ्या युरोपची समजूत घातली त्या माणसानं, पोरीची नाही घालता आली."

मी त्यांचा शेजारी, त्यांना गाडीतून पोचवणारा. "किती मनाला लावून घेता? कधीच मेला तो," असं चिडवायचो. त्या हसत नसत.

त्यांची मुलगी पल्लवी त्यांना 'ताई' म्हणते. मीनाताई नर्स म्हणून कार्डिफला आल्या तेव्हा ती वर्षाची होती. नागपूरला धाकट्या बहिणीकडे राहिली. बहीण ताई म्हणायची, म्हणून पोरही ताई म्हणू लागली, आणि मावशीला आई. सात वर्षांनी इकडे आणली तरी हाक बदलली नाही. हे कळल्यावर माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. "चारचौघांत तिनं हाक मारली की अजून लाज वाटते हो," मीनाताई एकदा म्हणाल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात पल्लवी आपल्या लेकाला, ईशानला, कडेवर घेऊन मॅनरवर आली. तो नुकता चालायला लागला होता. तिला सिंगापूरचं पोस्टिंग मिळालं होतं. चित्रासमोरच म्हणाली, "ताई, मी सेटल होईपर्यंत ईशानला ठेवशील? वर्ष, फार तर दोन."

मीनाताईंनी नातवाला तिच्याकडून घेऊन छातीशी घट्ट धरलं. मला वाटलं, आता हो म्हणणार.

"नको गं. घेऊन जा त्याला."

"का? तुला नकोय तो?"

"तो मला आई म्हणेल. मला ते फार आवडेल. म्हणून नको."

पल्लवीने एकदा चित्राकडे पाहिलं. मग ईशानला परत घेत हळूच म्हणाली, "हे तेव्हा नागपूरच्या आईनं तुला म्हणायला हवं होतं, ताई."

मीनाताईंची मान खाली गेली.

"म्हणाली होती ती. मीच ऐकलं नाही."