काढून घेतलेला कटर

तलासरीत आठवड्यातून दोन सकाळी, सात ते साडेआठ, आम्ही सहा बायका एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या शेडमध्ये एकमेकींचे हात पकडत आणि सोडवत असू. शिकवणारे काका डहाणूजवळच्या आगरचे. वय साठच्या पुढे. तेवीस वर्षे त्यांनी जहाजावर काढली होती. त्यांच्या एका जहाजावर फिलिपिनो आचारी होता. स्वयंपाकघरातले काम उरकले की तो डेकवर काकांना त्याच्या गावाकडची मारामारी शिकवत असे: आधी काठीने, मग चाकूने, शेवटी रिकाम्या हाताने. काकांकडे पट्टा नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. कोणी विचारलेच तर म्हणत, "आचाऱ्याने शिकवलंय. पोट भरतंय का बघा, सर्टिफिकेट काय मागता?"

मी वार्ताहर. मुंबईत बारा वर्षे डेस्कवर काम करून डहाणूला परत आले होते आणि डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या बातम्या पाठवत होते. या वर्गाची बातमी करायला गेले. ती शंभर शब्दांत छापून आली. जोड्या लावताना एक बाई कमी पडत होती, म्हणून मी थांबले.

माझी जोडीदार तेवीस वर्षांची होती. तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावर तिचे घर. घरी भात आणि नागली. ती स्वतः अच्छाडजवळच्या एका पॅकिंग युनिटमध्ये खोकी भरण्याच्या लाइनवर होती. गळ्यात फोटोचे ओळखपत्र घालून कामाला जाणारी त्या घरातली ती पहिली. वर्गात आली की ते ओळखपत्र ती आधी काढून, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवी.

पाळी सहाला सुटे. मग महामार्गाच्या कडेच्या सर्व्हिस रोडने अर्धा किलोमीटर चालत जाऊन शेअर जीप पकडायची. त्या अर्ध्या किलोमीटरवर युनिटमध्ये माल आणणाऱ्या एका टेम्पोचा ड्रायव्हर तिच्या मागे लागला होता. जुलैत त्याने तिचे मनगट धरले. सोबतच्या मुलीने पाड्यावर सांगितले आणि मोठ्या भावाने निकाल दिला: पुन्हा असे झाले की नोकरी बंद. सप्टेंबरमध्ये पुन्हा झाले. ते तिने घरी सांगितले नाही. मला सांगितले, तेही सरावाच्या मध्येच, तिचे मनगट माझ्या मुठीत असताना.

"दादाला कळलं तर संपलं, ताई."

मी तक्रार द्यायला सांगितले.

"तक्रार दिली की आधी घरच्यांना बोलावतील. तुमची बातमी होईल, माझी नोकरी जाईल."

मी मनगट पुन्हा धरले आणि तिने ते सोडवले. पकडणाऱ्याच्या मुठीत सगळ्यात कच्ची जागा अंगठ्याची. तिकडे वळायचे, कोपर आपल्या अंगाला लावायचे, पाऊल टाकायचे. ओढायचे नाही. ती पहिल्याच आठवड्यात ते माझ्यापेक्षा चांगले करू लागली होती.

खरा सराव होता तो एका फेऱ्याचा. काका त्याला हुबाद म्हणत. अर्थ गाठ सोडणे, असे त्यांनी सांगितले. समोरचीने वरून हात मारायचा, आपण तो एका हाताने अडवायचा, दुसऱ्या हाताने बाजूला सारायचा, दाबायचा आणि उलट मारायचा. मग तेच समोरचीने. हात हाताला चिकटलेला राहतो आणि फेरा थांबत नाही. काका डोळे मिटून करायला लावत. "डोळ्याने बघून अडवाल तर उशीर झाला," ते म्हणत. "हाताला कळू दे."

ऑक्टोबरपासून फेऱ्यात चाकू आला, बांबूचा तासलेला. काकांनी आधीच बजावले, "चाकू दिसला की पळायचं. मागे भिंत असेल तरच हे." मग दाखवले. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या सांध्यांनी मारायचे, मनगट धरायचे, त्याची मूठ आतल्या अंगाला वळवायची. मूठ वळली की बोटे सैल पडतात आणि वस्तू आपल्या हातात येते. आपल्या हाताची बाहेरची बाजू त्याच्याकडे ठेवायची, कारण शिरा आत असतात.

इथे एक अडचण आली. चाकू काढून घेतला की ती तो मला परत देत नसे. खाली जमिनीवर ठेवी, एक पाऊल मागे जाई, आणि मी वाकून उचलेपर्यंत थांबे.

"अगं, हातात दे त्यांच्या," काका म्हणाले.

"कोयता हातात देत नाहीत, काका. भांडण लागतं."

"हा बांबू आहे."

"बांबूचा कोयताच ना पण?"

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "भांडायलाच आलोय की आपण." तीही हसली आणि पुढच्या वेळी चाकू पुन्हा जमिनीवर ठेवला. फेरा तुटत होता. इतर जोड्यांचे वीस फेरे होत तेव्हा आमचे बारा. मला ते खटकत होते. मी तिला बाजूला घेऊन शिकवले: घेतला की मूठ फिरवायची, दांडा माझ्याकडे करायचा, द्यायचा, मी लगेच पुन्हा वार करेन. काकांनी हे सांगितले नव्हते, मला सुचले होते. दोन आठवडे लागले. मग तिचा हात इतका सफाईने चालू लागला की घेणे आणि देणे वेगळे दिसेना. आमचे वीस झाले. काका म्हणाले, "आता कसं." मलाही बरे वाटले.

नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी मी अच्छाडच्या चेकपोस्टवर ट्रकच्या रांगेची बातमी घ्यायला गेले होते. काम सहाच्या आधी आटोपले. तिला फोन करून सांगितले की सोबत परत जाऊ. ती युनिटच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा उजेड होता. आम्ही चालू लागलो. वाटेत ऑफिसचा फोन आला, त्यांना रांगेची लांबी पुन्हा विचारायची होती. मी चालण्याचा वेग कमी केला. ती दहाएक पावले पुढे गेली.

टेम्पो एका धाब्याच्या अलीकडे कडेला लावलेला होता. ड्रायव्हर खाली उतरून चाकाला टेकून उभा होता. ती जवळ आल्यावर तो पुढे झाला आणि तिचे उजवे मनगट धरले.

"आज घाई काय? ताईला सोबत आणलंय?"

ती वळली, कोपर अंगाला लावले, पाऊल टाकले. हात सुटला. त्याने पुन्हा झेप टाकली, तेव्हा तिने दंडाच्या आत मारले. त्याचा हात खाली पडला. धाब्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी हसले. मला वाटते ते हसू आले नसते तर तो गेला असता. त्याने शर्टाच्या खिशातून कटर काढला, खोकी कापायचा, पाते पुढे सरकवायचा. पाते सरकवल्याचा कटकट आवाज मला फोन कानाला असताना ऐकू आला.

तिच्या मागे टेम्पोचा पत्रा होता. तिने पळायला डावीकडे पाहिले, तिकडे तो होता. त्याने हात पुढे केला. तिने मनगट धरले, मूठ आत वळवली आणि कटर तिच्या हातात आला. आम्ही शेडमध्ये जसे करत होतो अगदी तसे. मग तिच्या हाताने कटर फिरवला, दांडा त्याच्याकडे केला आणि दिला.

त्याने तो घेतला.

दोघे उभे राहिले. त्याने हातातल्या कटरकडे पाहिले, मग तिच्याकडे. काय झाले हे दोघांनाही कळले नव्हते. मला कळले होते. मी तोवर धावत सुटले होते आणि मध्ये चार पावले उरली होती. त्याने वार केला. तिने हात वर घेतला, बाहेरची बाजू पुढे ठेवून. कोपराच्या खाली बाही फाटली आणि ओली झाली. धाब्यावरचे लोक उठले, तो टेम्पोत चढला आणि गुजरातच्या दिशेने गेला. मी नंबर लिहून घेतला. धरण्यापासून वारापर्यंत किती वेळ गेला असे नंतर विचारले गेले तेव्हा मी दहा-बारा सेकंद असे सांगितले.

काकांना हे मी दुसऱ्या सकाळी सांगितले. त्यांनी बांबूचा चाकू हातात घेतला. "माझ्यासमोर चाललं होतं," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून वर्गात काढलेला चाकू शेडच्या बाहेर फेकतात आणि काढणारी फाटकापर्यंत पळते. वेळ दुप्पट जातो.

त्या संध्याकाळी तलासरीच्या सरकारी दवाखान्यात तिला सात टाके पडले. डॉक्टर म्हणाल्या, "नशीब, बाहेरच्या बाजूला लागलं."

"नशीब नाही, मॅडम. तसाच धरला होता."

मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दादाला फोन करा. मी करणार नाही."

भाऊ पाऊण तासाने मोटारसायकलवर आला. शेतातून उठून आला होता, पायजम्याला भाताचे तूस चिकटलेले. खाटेजवळ उभा राहिला, बसला नाही.

"कोण?"

"टेम्पोवाला. कटर मारला."

"कटर त्याचा?"

"त्याचाच. मी काढून घेतला होता."

"मग?"

"मग दिला परत."

"कोणाला?"

"त्यालाच."

भावाने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा तिच्याकडे. "हातात दिलास?"

"हातात."

"आपली आई विळा बहिणीच्या हातात देत नाही."

मी म्हटले, "ते मी शिकवलं. वर्गात आम्ही तसंच करायचो. ती खाली ठेवायची, मी सोडायला लावलं."

"ताई, तुम्ही शिकलेल्या," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मग तिला म्हणाला, "म्हणजे हे दुसऱ्यांदा."

"चौथ्यांदा."

आजच्या आधीच्या दोन वेळा मला माहीत होत्या. मधली एक मलाही सांगितलेली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आज मी घरी असते."

"घरी असतीस तर हात धड असता."

"हो," ती म्हणाली.

बाहेर नर्स कोणाला तरी केसपेपर मागत होती. माझ्या मते निर्णय झाला होता. आता तो तिला मोटारसायकलवर बसवून नेईल आणि गळ्यातले ओळखपत्र उद्या कोणाच्या तरी हाती युनिटमध्ये परत जाईल. तिथे माझ्या सल्ल्याची किंमत काय होती ते सलाइनच्या स्टँडलाही दिसत असावे.

"घेतलास कसा?" भावाने विचारले.

"काय?"

"कटर. धरलेला माणूस सोडेल का?"

तिने माझ्या वहीतले पेन मागितले, ते भावाच्या मुठीत दिले आणि म्हणाली, "घट्ट धर." तो धरून उभा राहिला, लहान बहिणीसमोर उभे राहायचे तसा, जरा कंटाळल्यासारखा. तिचा डावा हात पट्टीत होता. उजव्या हाताने तिने त्याची मूठ आत वळवली. पेन तिच्या हातात आले. भावाने बोटे उघडून पाहिली.

"पुन्हा."

पुन्हा झाले. या वेळी त्याने खरोखर जोर लावला होता, मानेची शीर दिसत होती. पेन घेऊन तिने ते मुठीत धरून ठेवले.

"दे त्यांचं त्यांना."

"नाही देणार," ती म्हणाली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली.

हवालदार जबाब घ्यायला आले. तिने जुलैपासून सगळे सांगितले, चारही वेळा, भाऊ ऐकत असताना. कटरच्या ठिकाणी हवालदार थांबले.

"काढून घेतला आणि परत दिला. असं लिहू?"

"झालं तसंच लिहा."

"कोर्टात विचारतील, का दिला."

"सवय होती म्हणून."

हवालदारांनी भावाकडे पाहिले. भाऊ म्हणाला, "ती सांगते तसं लिहा ना, साहेब." जबाब वाचून दाखवला गेला. तिने सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. टेम्पोचा नंबर दिला.

टेम्पोवाला सापडला आणि जामिनावर सुटला. तो आता दुसऱ्या रस्त्याला माल नेतो असे सांगतात. मी खात्री केलेली नाही. त्या रात्री यातले काहीच माहीत नव्हते. तो त्या वेळी कुठे होता हेही माहीत नव्हते.

आम्ही निघण्यापूर्वी डॉक्टर पट्टी पाहायला आल्या. भावाने त्यांना विचारले, "टाके कधी काढायचे?"

"दहा दिवसांनी आणा."

तो बहिणीकडे वळला. तिने खाली पाहिले होते, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"युनिटला फोन लाव," तो म्हणाला. "दहा दिवसांची सुट्टी सांग. जास्त दिवस सांगू नको."