पांढऱ्या रश्श्याचं पाणी सिंकमध्ये

मंडळी, आठवड्यातली एकच सुट्टी, त्यात गारगोटीहून नणंद आणि तिचे यजमान जेवायला येणार. मशीनमध्ये कपडे, गॅसवर मटण, आणि लाईट कधी जाईल नेम नाही.

घाईत शिजलेलं मटण चाळणीत ओतलं, पण खाली पातेलं ठेवायचं विसरले. ज्याचा पांढरा रस्सा करायचा, ते मटणाचं सगळं अळणी पाणी सिंकमध्ये. पावण्यांना आता वाढायचं काय?

मागं सासूबाई उभ्या. मी बोलणी खायच्या तयारीत. त्यांनी गुपचूप हाडं वेगळी काढून, नवं पाणी घालून पुन्हा कुकरला लावली. म्हणाल्या, "मी बी सांडलंय गं एकदा. तुझ्या सासऱ्यांना अजून ठावं न्हाय."

जेवताना सासरे सासूबाईंकडे बघत म्हणाले, "पांढरा अगदी हिच्या हातचा झालाय की."

सासूबाई पदरात हसू दाबत पाणी आणायला आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

कपडे अजून मशीनमध्येच आहेत. तुमच्या घरी अशी गुपितं कोण सांभाळतं?