चाळीस फुटांची विहीर

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बार्शीटाकळीकडच्या तीन गावांचा मी ग्रामसेवक होतो. नव्या विहिरींना सरकार अनुदान देत असे. त्याचे अर्ज भरायचे आणि विहीर पुरी झाली की दाखल्यावर सही करायची, हे माझं काम. माझ्या सहीशिवाय शेवटचा हप्ता निघत नसे, आणि त्या वयात मला याची थोडी ऐट होती.

त्यातल्या एका गावात बौद्ध वस्तीतल्या नवरा-बायकोनं विहीर काढायला घेतली होती. दोघांनी वर्षानुवर्षं मजुरी करून तुकडाभर जमीन घेतलेली. वस्तीतली ती पहिलीच विहीर. तिसाव्या फुटाला पाणी लागलं, तेव्हा बाईनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी तिथंच उभ्यानं प्यालो. ती नवऱ्याकडे पाहून हसली.

त्यांनी मोट बसवली, वांगी लावली. भर वैशाखातही पाणी उतरलं नाही. मी टेप सोडून माप घेतलं. मंजूर नकाशात खोली चाळीस फूट होती.

"दहा फूट कमी आहे," मी म्हणालो. "असं असताना मला पूर्ण लिहिता येणार नाही."

"पानी लागलं ना साहेब," तो म्हणाला. "मंग आनखी कायले खोदाचं?"

"नियम आहे. अनुदान अडकून पडेल."

बाई मध्येच बोलली, "खाली काळा दगड हाय. सुरुंग लावा लागन. मले तं भेव वाटून राह्यलं."

मी तिला समजावलं, खोली वाढली की पाणीही वाढेल. मला ते ठाऊक नव्हतं. तरी ठाऊक असल्यासारखा बोललो.

त्यांनी पाणी उपसलं, सुरुंग लावले, चाळीस फूट पुरे केले. विहीर पुन्हा भरलीच नाही. सुरुंगानं तळाच्या दगडाला बोटभर रुंद भेग गेली होती, पाणी तिच्यातून खाली निघून जाई. त्यांनी तिच्यात चिकणमाती ठासली, पण तीही वाहून गेली. वांगी आठ दिवसांत वाळली.

मी गेलो तेव्हा तो काठावर बसला होता.

"सही करा साहेब," तोच म्हणाला. "सुरुंगवाल्याले द्याचं हाय."

मी 'काम पूर्ण' असं लिहून सही केली. कोरड्या विहिरीचं अनुदान विनातक्रार मंजूर झालं.

पुढे एकदा विहिरींची कामं तपासणाऱ्या ओव्हरसियरशी बोलताना हा विषय निघाला. ते म्हणाले, "पाणी पुरेसं असलं की खोलीत सूट मिळते. मला एक चिठ्ठी पाठवली असती तर येऊन पाहून गेलो असतो." विचारायचं मला सुचलंच नव्हतं. खरं सांगायचं तर साहेबांना विचारणं मला कमीपणाचं वाटे.

नंतर माझी अचलपूरला बदली झाली. काही वर्षांनी तो विहीरवाला मला अकोल्याच्या एसटी स्टँडवर भेटला. आता दुसऱ्याच्या मळ्यात कामाला जातो म्हणाला. त्यानंच मला चहा पाजला.

"आमचंच नशीब खोटं," तो म्हणाला. "तुमी तं आमच्या भल्यासाठीच सांगतलं होतं."

खोलीत सूट मिळाली असती, हे तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं. त्याची गाडी लागेपर्यंत मी त्याच्या मुलांच्या शाळेचं विचारत राहिलो.