विषय : युद्धाचा पाठिंबा बंद करणेबाबत

जगातल्या कुठल्याही संकटावर एक साधा अर्ज आणि खाली शंभर सह्या एवढा इलाज पुरतो, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या वडिलांचे मित्र. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर आमच्यापासून दोन गल्ल्या वर राहतात. पालिकेच्या पाणीखात्यात बत्तीस वर्षं त्यांनी चावी फिरवली. म्हणजे लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, या गल्लीचं पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं. म्हणून सगळी टेकडी त्यांना चावीकाका म्हणते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जमिनीखालून पाणी सरकलं की त्यांच्या तळपायांना कळतं. माझ्या लग्नात ऐन मंगलगाथा चालू असताना ते "आलं!" म्हणाले, आणि मांडवातल्या निम्म्या बायका हातातली फुलं टाकून पाणी भरायला पळाल्या.

अर्ज ही त्यांची दुसरी विद्या. गल्लीतला दिवा, भटकी कुत्री, शाळेची घंटा नीट ऐकू न येणं, कशावरही त्यांचा अर्ज तयार. एकदा काकू रुसून सांताक्रूझला भावाकडे गेल्या. काकांनी फोन केला नाही, कागद पाठवला. "विषय : घरी परत येणेबाबत." खाली, "आपला विश्वासू." काकू दुसऱ्याच दिवशी हजर. "पोच द्यायला आले," म्हणाल्या आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागल्या.

असा हा माणूस एका दुपारी आमच्याकडे आला तो जयभीमही न घालता खाली बसला. फोन माझ्यापुढे धरला. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या युद्धाचं चित्रण होतं. बाँबनं रस्ता फाटला होता, खड्ड्यात एक जाड पाइप उघडा पडला होता आणि कडेला बायका-पोरं रिकामे कॅन घेऊन रांगेत उभी होती.

"मेन लाइन फोडली रे त्यांनी," काका म्हणाले. "माणसं मारतात हे ऐकत आलो. पण लाइन? लाइन कोण फोडतं?"

मी सहज बोलून गेलो की आपल्या सरकारचाही फोडणाऱ्यांना पाठिंबा आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो पाठिंबा माझ्याच सहीनं गेला होता.

"कागद आण," म्हणाले.

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. मग पेन माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पहिली सही तुझी."

मी पेन परत सरकवलं. मी सरकारी कचेरीत कारकून. "काका, नोकरीची वाट लागेल हो माझ्या."

"बरोबर आहे," म्हणाले. "मग तू समास आख."

पुढचे दोन महिने ते टेकडीवरची घरं पालथी घालत होते. "तिकडच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय?" असं कुणी म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, "तुझ्या बारशाला घरात थेंब नव्हता. मी सुट्टीवर होतो. तरी येऊन चावी फिरवली. तेव्हा मी म्हटलं का, मला काय करायचंय?" यावर सही न करणं अवघड होतं. एका घरी मात्र एकानं "देशद्रोही" म्हणून तोंडावर दार लावलं. काका तिथंच पायरीवर बसून राहिले. "त्याच्या आईच्या आजारपणात मी अर्धा तास जादा पाणी सोडायचो," एवढंच बोलले. त्या दिवशी त्यांनी आणखी दार वाजवलं नाही.

अर्जाला उत्तर आलं नाही. तेव्हा काकांनी ठरवलं की रविवारी चौकात गपचूप बसायचं, प्रत्येकानं रिकामा हंडा आणायचा. आता, आमच्या टेकडीवर रिकाम्या हंड्याचा एकच अर्थ होतो. चौकात पाय ठेवायला जागा उरली नाही. पाणीखात्याचे एक साहेब घामाघूम होऊन धावत आले. "काका, तुम्ही आपले माणूस ना? आजपासून प्रेशर वाढवतो, पण हे उठवा!"

"साहेब, तुमची काही तक्रार नाही. तुम्ही पण बसा," काका म्हणाले. मग हात जोडून गर्दीपुढे उभे राहिले. "बायांनो, माझी चूक झाली, नीट सांगितलं नाही. मोर्चा पाण्याचाच आहे, पण आपल्या नाही." आणि त्यांनी त्या फुटलेल्या लाइनीची, रांगेतल्या पोरांची आणि आपल्या सरकारच्या पाठिंब्याची हकीकत सांगितली.

दहा-बारा जणी उठून गेल्या. मला वाटलं, आता सगळ्याच उठणार. तेवढ्यात मालवणकडच्या निर्मलामावशींनी हंडा दाणकन खाली ठेवला आणि त्यावर हात टेकून बसल्या. "खंयचीय असांदे. हंडो घेवन रांगेत उभी रवता, ती बाई माझीच." मग कुणी हललं नाही.

तासाभरानं पोलीस आले. परवानगी विचारली. काकांनी परवानगीच्या अर्जाची पोच दाखवली, उत्तर काही आलेलं नव्हतं. तरी त्यांना गाडीत घालून नेलं. मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा होतो. चहा केव्हाच संपला होता, पण मी रिकामा ग्लास हातात धरून तसाच उभा राहिलो. चौकीत त्यांना "पुन्हा असं करणार नाही" असं लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी लिहून दिलं, "विषय : पुन्हा असे करण्याची परवानगी मिळणेबाबत." चौकीतल्या साहेबांनी वाचलं, कपाळाला हात लावला, चहा मागवला आणि सोडून दिलं.

युद्ध चालूच आहे. पाठिंबाही. काकांचे गुडघे मात्र कुरकुरायला लागलेत. दर रविवारी ते नव्या अर्जावर सह्या घ्यायला टेकडी चढतात, आणि मी फाइल घेऊन बरोबर जातो. एवढं मला जमतं. सही त्यांनी पुन्हा कधी मागितली नाही, आणि हल्ली तेच मला लागतं. गेल्या रविवारी ते दम खायला थांबले, तेव्हा मी त्यांच्या खिशातलं पेन काढलं आणि फाइल उघडली.

"निवृत्तीला किती वर्षं राहिली?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं. "पोरीचं शिक्षण व्हायचंय तुझ्या. राहू दे. चल, हात दे."

मी हात दिला. नाव माझं अजून त्या कागदावर नाही. पण पार वरच्या घरापर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही, आणि दार उघडलेल्या बाईंना म्हणाले, "आम्ही दोघं आलोय."